मथुताई गर्दे आणि चुलीचा धूर

मथुताई गर्दे रस्त्यानं चालताना फार थांबायच्या. माधव नगरातल्या आमच्या घरापासून शाळा पाऊण मैलावर होती. तेवढ्यात त्या कुठे कुठे थांबतील याचा नेम नसे. बांगड्यांच्या दुकानापुढे उभ्या राहून रंग पाहायच्या. विधवा बाई, हातात घड्याळाशिवाय काही नाही, तरी दुकानदाराला विचारायच्या, "भैया, ये नया आया क्या?" सिनेमाचं पोस्टर दिसलं की खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढायच्या. मी तेव्हा वीस वर्षांची होते, त्यांच्याच शाळेत माझी नोकरी नवी होती आणि मला घंटेची धास्ती असायची. मी म्हणायची, "ताई, उशीर होतोय." त्यांचं उत्तर ठरलेलं, "घाई कशाची गं? क्षिप्रा कुठे पळून नाही चालली."

मला वाटायचं, काय हौशी बाई आहे. त्या तिथे उभ्या राहून दम घेत होत्या, हे कळायला मला वर्ष लागलं.

आम्ही एकाच घरात भाड्यानं राहायचो. पुढच्या दोन खोल्यांत आई आणि मी, मागच्या एका खोलीत त्या. त्यांचे यजमान ग्वाल्हेर संस्थानच्या कचेरीत कारकून होते. ते गेले तेव्हा मथुताई तिशीच्याही नव्हत्या. संस्थानच्या कन्याशाळेत त्यांना जागा मिळाली आणि त्या तिथेच राहिल्या. संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला, पुढे तोही जाऊन मध्य प्रदेश झाला. शाळेवरची पाटी प्रत्येक वेळी रंगवली गेली. "तीन सरकारांचं मीठ खाल्लं," त्या म्हणायच्या, "पण खडू सगळ्यांचा सारखाच तुटका."

पन्नाशीच्या आसपासच्या, गोऱ्या, उंच. मनगटं काड्यांसारखी, गळ्याची हाडं वर आलेली, आणि तरी दरवर्षी पोलकी छातीत सैल करून घ्यायच्या. आई शिवून द्यायची आणि नवल करायची की ही बाई खाते चिमणीएवढं, मग अंग भरतंय कसं. जवळ गेलं की त्यांना लवंगेचा वास यायचा. खोलीत सकाळ-संध्याकाळ धूप जाळायच्या. त्यांना जुना खोकला होता. सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी भिंतीपलीकडून ऐकू यायचा. विचारलं तर म्हणायच्या, "चुलीचा धूर गं. ओली लाकडं देतो मेला टालवाला."

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे भूगोलाचा मोठा नकाशा मागायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक न मारता ढकललं. त्या चुलीपुढे पाटावर बसल्या होत्या. चुलीत एक ओलं लाकूड धुमसत होतं आणि त्यांच्या उजव्या हातात पेटलेली बिडी होती. त्यांनी झुरका घेतला, वाकून चुलीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि धूर आत सोडला. चुलीचा आणि बिडीचा, दोन्ही धूर एक होऊन धुराड्यातून वर गेले.

मग त्यांनी मला पाहिलं. इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बिडी चुलीत टाकायचंही त्यांना सुचलं नाही. ती बोटांतच जळत राहिली.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

"आईला सांगशील?"

"नाही."

"महाकालची शपथ घे."

मी घेतली. तेव्हा कुठे त्यांनी बिडी विझवली. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्या सोळाच्या होत्या. यजमानांना जेवण झालं की बिडी लागे, आणि ती चुलीवर पेटवून आणून देणं बायकोचं काम. निखाऱ्याला लावून बिडी पेटत नाही, ओढावी लागते. दिवसातून सात-आठ वेळा एकेक झुरका. "आधी उलटी व्हायची," त्या म्हणाल्या, "मग काही नाही व्हायचं. मग ते दौऱ्यावर गेले की डोकं दुखायचं. तेव्हा कळलं मला." यजमान गेले. त्यांच्या बंडीच्या खिशात एक अख्खं बंडल उरलं होतं. तेराव्यापर्यंत ते संपलं.

विधवा मास्तरीण दुकानात बिडी मागणार कशी? ते काम केसरबाई करायची. ती दूध घालणारी, नदीपलीकडच्या खेड्यातली. स्वतः रस्त्यात उभी राहून बिडी ओढायची आणि तिला कोणी काही म्हणत नसे. दुधाच्या चरवीखाली फडक्यात गुंडाळलेलं बंडल ती दिवसाआड सकाळी मथुताईंच्या ओट्यावर ठेवून जायची.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले, आणि मग जे दिसायला लागलं त्यानं माझी झोप उडाली. नळावरून घागर आणताना त्या चार ठिकाणी टेकवायच्या. वेणी घालताना हात वर धरवायचे नाहीत, म्हणून मधेच हात मांडीवर ठेवून बसायच्या. थंडीतल्या एका सकाळी त्यांनी भिंतीवर थापा मारल्या. मी धावत गेले. हातात फुंकणी धरून त्या चुलीपुढे बसल्या होत्या. चूल विझत आली होती. "कुमुद, जरा फुंक गं," त्या म्हणाल्या. "माझ्यात हवाच नाही राहिली."

मी फुंकलं, जाळ झाला. त्या माझ्याकडे पाहत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "खोटं बोलले. हवा आहे. भरून राहिलीय इथपर्यंत." त्यांनी गळ्याला हात लावला. "बाहेरच नाही निघत. बुडताना कसं होत असेल तसं होतं बघ. फक्त पाणी नसतं."

"ताई, डॉक्टरला दाखवू."

"आणि तोंडाचा वास घेतला तर त्यानं?"

शाळेत त्यांचा श्रुतलेख नावाजलेला होता. लांबलचक हिंदी वाक्य, एका दमात, एकदाच. दुसऱ्यांदा सांगायच्या नाहीत. त्या वर्षी नवं राज्य झालं आणि तपासणीला निरीक्षिका आल्या. सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर मीही बसले होते. निरीक्षिकाबाईंनी एका मुलीची वही उचलली, मग दुसरीची, मग तिसरीची. सगळ्या वह्यांत लिहिलं होतं: 'मंदिर के पीछे का, तालाब गर्मियों में, सूख जाता है।'

"ये कौन-सा व्याकरण है?" त्यांनी विचारलं.

पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी उभी राहिली. "बहनजी जहाँ रुकती हैं, वहाँ हम अल्पविराम लगाते हैं।"

निरीक्षिकाबाई हसल्या. वर्गही हसला. मथुताईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मुली गंमत करत नव्हत्या. त्यांनी वर्षभर कान देऊन ऐकलं होतं आणि ऐकलं तसं लिहिलं होतं. बाईंचा श्वास कुठे संपतो ते चाळीस वह्यांत शाईनं नोंदलेलं होतं.

त्याचाच पुढे बोभाटा झाला. कोणाच्या तरी वडिलांनी लिहून दिलं की बहनजी खोकतात, वाळत चालल्यात, मुलींना क्षय होईल. नव्या राज्यात सगळ्यांच्या नोकरीचे कागद नव्यानं होतच होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मथुताईंना बोलावून सांगितलं की पंधरा दिवसांत डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर मला वर कळवावं लागेल. त्या दिवशी घरी येताना मथुताई कुठल्याही दुकानापुढे थांबल्या नाहीत. सरळ रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या.

"क्षय निघाला तर नोकरी गेली," त्या म्हणाल्या. "आणि बिडी निघाली तर तोंड गेलं. सांग, कुठलं जाऊ देऊ?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टर निगुडकर म्हणून एक मराठी डॉक्टर होते. चाळिशीतले, हळू बोलणारे. आम्ही टांग्यानं गेलो. मथुताईंनी चार लवंगा तोंडात धरल्या होत्या. डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठोकली. रिकाम्या डब्यावर ठोकावं तसा आवाज आला, तो मला खुर्चीवर बसून ऐकू आला. मग अंधाऱ्या खोलीत क्ष-किरणांच्या पडद्यामागे उभं करून त्यांनी छाती पाहिली. बाहेर आल्यावर त्यांनी काडी पेटवली, मथुताईंच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर धरली आणि म्हणाले, "ओठ न आवळता, तोंड उघडं ठेवून विझवा."

मथुताईंनी फुंकलं. ज्योत वाकलीसुद्धा नाही. पुन्हा फुंकलं. काडी डॉक्टरांच्या बोटापर्यंत जळत आली, तेव्हा त्यांनीच ती झटकून विझवली.

"क्षय नाही," डॉक्टर म्हणाले.

मथुताईंनी डोळे मिटून घेतले.

"पण हे बरंही नाही. बाई, एक विचारतो. तंबाखू, बिडी, हुक्का, कधी काही?"

"छे," मथुताई म्हणाल्या. "भलतंच काय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या देवीच्या लशीच्या पाटीकडे पाहिलं.

"मग चूलच असेल," ते म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, दर सोमवारी सुई घ्यायला यायला सांगितलं आणि क्षय नसल्याचा दाखला दिला. आम्ही उठलो तेव्हा ते सहज बोलले, "बिडी असती ना, तर मी आज म्हटलं असतं की कालची होती तीच शेवटची. गेलं ते परत येत नाही. पण उरलंय ते राखता येतं."

टांग्यात मथुताईंनी दाखला दोनदा वाचला. हसल्या. वाटेत पेढे घेऊ म्हणाल्या. घरी आल्या आल्या त्यांच्या खोलीचं दार लागलं आणि धुराड्यातून धूर निघाला.

मी चार दिवस तो धूर पाहिला. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत एकटी दवाखान्यात गेले. महाकालची शपथ मोडायला निघाले होते. डॉक्टरांपुढे मी उभीच राहिले आणि एका वाक्यात सांगितलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. "किती वर्षं?" म्हणाले. मी हिशेब करून सांगितलं, तीस तरी. त्यांनी पेनचं टोपण लावलं. "सोमवारी आणा त्यांना," म्हणाले.

सोमवारी सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली आणि शांतपणे विचारलं, "ताई, दिवसाला किती?"

मथुताईंनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बारा."

"हा तुमचा-माझा विषय आहे. शाळेला क्षय नाही एवढं कळलं, बास. पण तुम्ही मास्तरीण आहात, तर नीट ऐकून घ्या." त्यांनी पाठकोऱ्या कागदावर एक उलटं झाड काढलं. "ही श्वासनळी. तिला फांद्या, फांद्यांना फांद्या, शेवटी दोऱ्याहून बारीक डहाळ्या. बिडीचा धूर आधी या डहाळ्यांत घर करतो. त्या सुजतात, आत चिकटा साठतो, त्या अरुंद होतात. इतक्या असंख्य आहेत की शेकडो बंद पडल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही. दहा वर्षं, वीस वर्षं. तुम्हाला दम लागायला लागला तोवर पुष्कळ गेल्या होत्या."

मथुताई कागदाकडे पाहत होत्या.

"डहाळ्यांच्या टोकांना हवेचे फुगे असतात. दूध काढल्यावर चरवीत फेस येतो, तसे बारीक. त्यांच्या भिंतींतून हवा रक्तात जाते. त्या भिंती विरतात. लहान बुडबुडे फुटून मोठा बुडबुडा होतो ना, तसं होतं. मोठा दिसतो, कामाचा नसतो. आणि जुन्या मोज्याचं इलॅस्टिक जातं तसा फुप्फुसाचा ताण जातो. श्वास आत जातो, पण बाहेर ढकलायला जोर राहत नाही. जुनी हवा आत, नवीला जागा नाही. म्हणून छाती फुगलीय तुमची. आमच्यात याला एम्फिसीमा म्हणतात. पुस्तकं अजून बिडीचं नाव ठामपणे घेत नाहीत. मी मिलमधली माणसं रोज तपासतो, मी घेतो."

"याचा शेवट कसा होतो?" मथुताईंनी विचारलं. आवाज वर्गातला होता, सरळ.

"हळूहळू. आधी जिना जातो, मग रस्ता, मग अंगण. मग अंघोळीलाही दम लागतो."

"आणि मग?"

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "आज सोडलीत तर ते सगळं पुष्कळ लांब जाईल. जाणार नाही असं नाही म्हणत मी."

त्या उठल्या. टांग्यात एकट्या बसल्या आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "चलो." मी पायी घरी आले.

चार महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शाळेला वेगळ्या निघायच्या. स्टाफरूममध्ये मी शेजारी बसले की वह्या उचलून दुसरीकडे जायच्या. आईनं विचारलं, काय भांडण झालं, तर मी काही सांगितलं नाही. पण भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येई. पहिले आठ दिवस त्या खोलीत फेऱ्या घालत होत्या. भांडी पुन्हा पुन्हा घासत होत्या. एकदा काड्यापेटी वाजली आणि मी श्वास धरून बसले. बराच वेळ गेला आणि मग स्टोव्हची फरफर सुरू झाली. चूल त्यांनी बंद करून टाकली होती.

केसरबाईनं मला ओट्यावर अडवून सांगितलं की बाईनं बंडल परत केलं. तेवढंच करून मथुताई थांबल्या नव्हत्या. रोज सकाळी दूध मापून झालं की केसरबाईला समोर उभी करायच्या, काडी पेटवायच्या आणि म्हणायच्या, "बुझा." केसरबाई एका फुंकरीत विझवायची आणि हसायची. "म्हारे तो कंई नी हुयो, बेनजी." मथुताई हसत नसत. "मलाही वीस वर्षं काही नव्हतं झालं," असं त्या हिंदीत सांगायच्या, पुन्हा दुसऱ्या दिवशी काडी पेटवायच्या. शेवटी केसरबाई कंटाळली. बिडी तिनं सोडली नाही, पण आमच्या गल्लीत शिरण्याआधी निंबाच्या झाडाखाली विझवून यायला लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस मथुताई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चौकटीला धरून, ओठ शीळ घालावी तसे आवळून, हळूहळू श्वास सोडत. असा श्वास सोडायला डॉक्टरांनीच शिकवलं होतं.

"सगळे म्हणतील, काय मनोनिग्रह," त्या म्हणाल्या. "माझ्यात मनोनिग्रह वगैरे काही नाही, कुमुद. मला भीती आहे. ती पुरली."

मी म्हटलं, "ताई, माझ्यावर राग..."

"आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे." आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या. आईनं पन्हं दिलं, ते त्यांनी घोटाघोटानं, मधे थांबत प्यायलं.

त्यानंतर त्यांनी तीन वर्षं शिकवलं. वर्ग खालच्या मजल्यावर मागून घेतला. श्रुतलेख बंद केला. एका धीट आवाजाच्या मुलीला उभं करून तिच्याकडून वाचून घ्यायच्या आणि स्वतः खिडकीशी खुर्ची टाकून ऐकायच्या. डॉक्टर म्हणायचे, बिडी चालू असती तर हीही वर्षं मिळाली नसती. मी ते स्वतःला सांगत असते. पण थंडी आली की त्या दोन उशा पाठीशी घेऊन बसून झोपायच्या, आणि पहाटे भिंतीपलीकडे तो आवाज सुरू झाला की मी अंथरुणात उठून बसायची. एक श्वास, आणि पुढचा येईपर्यंतची शांतता. मी ती शांतता मोजायची. ती सवय मला जन्मभर लागली. माझ्या नवऱ्याच्या, मुलांच्या श्वासालाही मी रात्री कान लावून बसायची.

माझी बदली नव्या राजधानीत, भोपाळला झाली. आईला घेऊन मी निघाले. मथुताईंची प्रकृती पाहता आम्ही निरोप घरीच घेतला होता. त्या पुढच्याच हिवाळ्यात गेल्या. शेजाऱ्यांचं पोस्टकार्ड आलं, त्यात चार ओळी होत्या.

पण निरोप घरी घेऊनही, आम्ही निघालो त्या सकाळी त्या देवास गेटच्या मोटारस्टँडवर आल्या होत्या. मोटार सुटायच्या बेतात होती. आमचं सामान टपावर चढलं होतं आणि मी खिडकीशी बसले होते. समोर टांगा थांबला आणि त्यातून मथुताई उतरल्या. टांग्यापासून मोटारीपर्यंत तीस पावलं असतील. मधे त्या दोनदा थांबल्या, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून. भोवती हमाल, यात्रेकरू, पंडे, सगळे धावत होते. कोणी त्यांना धक्का देऊ नये म्हणून टांगेवाला मागे हात पसरून उभा राहिला. मी उतरायला उठले तर आई म्हणाली, कंडक्टर शिटी मारतोय.

त्या खिडकीखाली पोचल्या. वर पाहिलं. चेहरा घामानं भिजला होता, ओठ निळे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडलं होतं. पण चालण्यात सगळा श्वास गेला होता. त्यांनी उजवा तळहात वर केला. थांब, येतंय, असा तो हात होता.

मी म्हटलं, "ताई, सावकाश. मी आहे."

त्यांनी मान हलवली. छाती वर झाली, खाली आली. पुन्हा वर झाली. हात तसाच वर.

कंडक्टरनं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मोटार सुटली.

मी खिडकीतून मान बाहेर काढून पाहत राहिले. गर्दीत, धुळीत, तो हात अजून वर होता.